सर्टिफिकेट देणार नाही

१९ नोव्हें. १९५५, धुळे

काल क्युरेटिंग झालं. म्हणजे गर्भपिशवीच्या आतलं अस्तर खरवडून काढलं. डॉ. मालतीबाई ‘खरवड’ असाच शब्द वापरतात, कढईची असावी तसा. ईथरचा वास अजून नाकात आहे.

भाऊबीजेला दरवर्षी नानाकडे येते, तशीच आले होते. जायला निघाले तर वहिनीनं कपड्यांची पिशवी हातातून काढून घेतली. म्हणाली, वन्सं, वर्षभर तुम्ही काळी नाहीतर जांभळीच पातळं नेसताय, मला कळत नाही का? मग डॉ.कडे घेऊन गेली. सगळं सांगावं लागलं. दोन-दोन महिने काही नाही, मग महिना महिना थांबत नाही. चक्कर. इथं सरळ ‘रक्त’ लिहायला हरकत नाही, रोजनिशीत आडपडदा कुणापासून?

डॉ.चं मुळात बाळंतिणींचं हॉस्पिटल. माझ्या खाटेच्या दोन्ही बाजूंना पाळणे. संध्याकाळी आमच्या शाळेच्या अध्यक्षांची बहीण भाचीचं बाळ बघायला आली. मला पाहून थबकली. मोठ्या बाई, तुम्ही इथं? म्हटलं, हो, तब्येत दाखवायला. तिनं एका पाळण्याकडं पाहिलं, मग दुसऱ्याकडं, मग माझ्याकडं.

२५ नोव्हें., जळगाव

एस.टी.नं परत. पारोळ्यापर्यंत बरं होतं, एरंडोलच्या पुढं हाडं खिळखिळी. शाळा सुरू. खरवड बाटलीत घालून मुंबईला गेली आहे. रिपोर्टला वेळ लागेल, तोवर विचार करू नका असं डॉ. म्हणाल्या. करतेच आहे.

९ डिसें.

मी शिक्षकांच्या खोलीत शिरले की बोलणं थांबतं. आज शाळेच्या गंगूबाईनं पाणी ठेवता ठेवता खाली मान घालून सांगितलं. गावात म्हणतात, मोठ्या बाई धुळ्याला जाऊन ‘मोकळ्या’ होऊन आल्या.

आधी कळलंच नाही. मग कळलं. वय शेहेचाळीस, नावामागं कु., बाळंतिणीच्या हॉस्पिटलात पिशवी साफ केली, बेरीज सोपी आहे. गंगूबाई रडायला लागली, तिला पाणी मीच दिलं.

राग आला आहे. पण त्याच्या आत कुठंतरी हसूही. लोकांना मी इतकी तरुण वाटते?

१३ डिसें.

दहावीच्या वर्गात फळ्यावर मोठ्या अक्षरात: कूमारी माता.

खडू उचलला. ‘कू’ खोडून ‘कु’ केला. म्हटलं, ऱ्हस्व. दहावीत येऊन हे चुकायला नको. एकीला उठवून मोठ्यानं वाचायला लावलं, मग तिलाच पुसायला सांगितलं. मग समास शिकवले.

घरी येऊन जेवले नाही.

१८ डिसें. रवि., धुळे

रिपोर्ट आला. डॉ.नी समोर बसवून वाचला. इंग्रजी मला येतं, पण हे इंग्रजी वेगळं. म्हटलं, शब्द सांगू नका, चित्र सांगा.

त्या म्हणाल्या, अस्तरात बारीक नळ्या असतात, ग्रंथी. मध्ये मोकळी जागा असते. तुमच्यात त्या फार झाल्या आहेत. केळीच्या खुंटाभोवतीची पिलं वेळेवर काढली नाहीत की कशी दाटी होते, मध्ये माती दिसत नाही, तसं. एवढंच असतं तर औषधावर भागलं असतं. पण काही ठिकाणी पेशींची तोंडं बदलली आहेत. रांग मोडली आहे.

विचारलं, म्हणजे कॅन्सर?

“कॅन्सर म्हणजे बांध ओलांडून पलीकडच्या वावरात घुसणं. हा कागद म्हणतो, घुसलेलं दिसलं नाही. घुसलेलं नाही, असं म्हणत नाही. खरवडीत जेवढं आलं तेवढंच त्यांनी पाहिलं.”

‘दिसलं नाही’ आणि ‘नाही’. भाषा शिकवते मी, हा फरक मला कळायला वेळ लागू नये. लागला.

खरवडीचे तुकडे ज्या काचांवर घेऊन तपासले, त्याच काचा मुंबईच्याच दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवायच्या असं ठरलं.

३ जाने. १९५६, जळगाव

इथल्या डॉक्टरांचं मत घ्यावं म्हणून गेले. भले आहेत, अर्ध्या गावाला त्यांचा गुण येतो. कागद वाचून म्हणाले, काढून टाका. तुम्हाला पिशवीचा तसाही काय उपयोग?

सल्ला बरोबर असेल. वाक्य ऐकून उठून आले.

उपयोग नव्हता हे खरं. माझी होती, हेही खरं. पंचविसाव्या वर्षी एक स्थळ आलं होतं, नोकरी सोडा म्हणाले, मी नाही म्हटलं. त्याची हळहळ कधी केली नाही. आज दुपारी मात्र उगाच दार लावून बसले, बराच वेळ.

११ जाने.

अध्यक्षांनी बोलावलं. आबासाहेबांचा जिनिंगचा कारखाना, सरकी आणि कापसाच्या वासातच त्यांची बैठक. नेहमीसारखे आदबीनं बोलले. माझा तुमच्यावर विश्वास आहे, पण पालक विचारतात, मुलींची शाळा आहे. धुळ्याच्या डॉक्टरांचं एक सर्टिफिकेट आणा, काय केलं आणि कशासाठी. मी ते समितीपुढं ठेवतो, विषय मिटला.

कागद माझ्या पिशवीतच होता. काढून टेबलावर ठेवला असता तर मिटला असता.

“कागद आहे, आबासाहेब. पण देणार नाही.”

ते म्हणाले, मग लोकांनी काय समजायचं? म्हटलं, जे समजायचं ते समजले आहेत.

त्यांना राग आला नाही, खरंच काळजी वाटली. ते जास्त अवघड.

१५ जाने. रवि.

नाना आला. ही गोष्ट धुळ्यातही पोचली, तो काम करतो त्या कोर्टात कुणीतरी त्याच्याजवळ बोललं. कधी आवाज चढवत नाही तो, आज चढवला. कागद दे, मी स्वतः आबासाहेबांना नेऊन दाखवतो, तुला बोलायचंही काम नाही. आपल्या बाजूनं पुरावा असताना तोंड लपवायचं कशाला?

म्हटलं, तोंड मी लपवत नाही, उद्यापासून रोज शाळेच्या दारात उभी राहीन. पण मी एकदा कागद दाखवला की पुढं प्रत्येक शिक्षिकेला दोन दिवसांच्या रजेसाठी पोटातलं दाखवावं लागेल. कोणी दाखवायला नाही म्हटलं की ती पापी.

तो म्हणाला, वच्छी, जगाची उठाठेव तुझ्याकडं नाही.

असेल. पण शाळा माझ्याकडं आहे.

निघताना पायरीवर थांबला. त्या कागदात काय लिहिलंय ते नीट कळलंय का तुला, असं विचारलं. म्हणजे सर्टिफिकेटची नाही, त्याला खरी भीती याची होती. मी सांगितलं, अजून कुणालाच नीट कळलेलं नाही. त्यानं डोक्यावर हात ठेवला आणि गेला.

२९ जाने. रवि., धुळे

दुसऱ्या तज्ज्ञाचं मत आलं. त्याच काचा, त्याच पेशी. हे म्हणतात, हा कॅन्सरच, फक्त जागच्या जागी, अजून हललेला नाही. पहिले म्हणतात, कॅन्सर नाही, पण त्याच्या वाटेवर.

डॉ.ना विचारलं, खरं कोण? म्हणाल्या, दोघंही एकाच गोष्टीला दोन नावं देताहेत. यावर मोठमोठ्यांचं एकमत नाही, मी तुम्हाला खोटं कशाला सांगू. मग तुम्ही काय कराल? म्हणाल्या, तुम्ही तिशीतल्या असता, मूल हवं असतं, तर थांबून पुन्हा खरवडून बघितलं असतं. शेहेचाळीसाव्या वर्षी मी थांबणार नाही. पिशवी काढून सगळीच्या सगळी तपासायला पाठवू, मग बांध ओलांडला की नाही ते कळेल.

मी म्हटलं, मेच्या सुट्टीत. आत्ता लांब रजेवर गेले तर पळाली म्हणतील. समितीला तेच हवं आहे.

डॉ.नी कागदांची घडी घालून दिली. घरी आल्यावर वहिनीला सांगितलं. भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता ती म्हणाली:

“वन्सं, ते तुम्हाला घालवू बघतात, म्हणून तुम्ही जात नाही. मग तुमची तारीख शेवटी कुणी ठरवली? त्यांनीच ना?”

वहिनी चौथीपर्यंत शिकली. मी बी.ए., बी.टी. ताट पुढं ओढलं. भाकरी खाल्ली.

४ फेब्रु., जळगाव

समितीची सभा. पाच पुरुष आणि मी. चहा आला. कोणी विषय काढेना म्हणून मीच काढला.

रजेचा अर्ज ठेवला. लिहिलं होतं: शस्त्रक्रियेसाठी रजा हवी आहे. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात हजर होईन. कारणाखाली: आजारपण.

एकजण म्हणाले, कोणतं आजारपण? म्हटलं, तुमचं मागच्या वर्षी मूळव्याधीचं ऑपरेशन झालं तेव्हा आम्ही विचारलं नव्हतं. आबासाहेबांनी मिशीत हसू दाबलं, मग लगेच गंभीर झाले. पुन्हा सर्टिफिकेटचा विषय. पुन्हा नाही म्हटलं. मी नसताना निर्णय घेऊ म्हणाले. घ्या म्हटलं. कुळकर्णी सरांकडं तात्पुरता चार्ज.

कुळकर्णी सर बाहेर भेटले. बाई, मला ती खुर्ची नको. म्हटलं, सर, गरम ठेवा, एवढंच.

६ फेब्रु.

आज केलं. लिहून ठेवते, नाहीतर उद्या वाटेल स्वप्नात केलं.

प्रार्थनेनंतर आठवी ते अकरावीच्या मुलींना थांबवलं. कुळकर्णी सरांना नजरेनं विचारलं, ते लहान मुलींना घेऊन आत गेले. मग सांगितलं. मला गर्भाशयाचा आजार आहे. वर्षभर अवेळी रक्त जात होतं आणि मी ते लपवलं, ते चुकलं. धुळ्याला तपासणी झाली. एक डॉक्टर म्हणतात कॅन्सर, एक म्हणतात अजून नाही. ऑपरेशन करणार आहे. तुमच्या आईला, मावशीला, आजीला पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त गेलं, किंवा माझ्यासारखं झालं, तर देवीचा कोप म्हणून घरात बसू देऊ नका. डॉक्टरला दाखवायला सांगा. लाज वाटली तर म्हणा, आमच्या मोठ्या बाईंनीही दाखवलं.

एवढंच बोलले. फळ्यावरचं कोणी लिहिलं ते विचारलं नाही. एक मुलगी रडत होती, तिची वही तपासायची राहिली आहे, ऱ्हस्व-दीर्घासकट.

समितीला सांगायला नकार दिला तेच मुलींना आपण होऊन सांगितलं. नाना म्हणेल, काय मिळवलंस? तिथं मागत होते माझी अब्रू तपासायला. इथं मुलींच्या उपयोगाचं होतं.

१० फेब्रु.

अध्यक्षांची चिठ्ठी: मुलींपुढं असभ्य विषय काढल्याबद्दल खुलासा करावा. उत्तर दिलं: आरोग्य हा विषय अभ्यासक्रमात आहे.

संध्याकाळी नववीतल्या द्वारकाची आई आली. कौतिकबाई, एरंडोलजवळच्या खेड्यातली, बाजाराला आली होती. पदर डोळ्यांपर्यंत. बराच वेळ पोरीच्या अभ्यासाचं बोलली. मग म्हणाली:

“बाई, तुम्हीन पोरीसले सांगं ते मना घर लगून उनं. मनं बंद व्हयेल व्हतं. आते वरीसभर परत व्हई राहिनं.”

वय विचारलं. पंचावन्नच्या आसपास. माझ्यापेक्षा हिचं लवकर बघायला हवं, डॉ.नी मला तेच सांगितलं होतं, बंद झाल्यावर पुन्हा सुरू होणं जास्त वाईट. धुळ्याचा पत्ता दिला, डॉ.ना चिठ्ठी दिली. नवरा काय म्हणतो? ती चिठ्ठी पदरात बांधून उठली.

२२ फेब्रु., धुळे

उद्या ऑपरेशन. यावेळी खाट कोपऱ्यात मागून घेता आली असती, घेतली नाही. पाळण्यांच्या मध्येच. बघू दे ज्याला बघायचं त्याला.

भीती वाटते. लिहिलं की कमी होईल असं वाटलं होतं.

६ मार्च

टाके काढले. कण्यात सुई देऊन केलं, त्यामुळं मी जागी होते. हत्यारांचा आवाज, आणि डॉ. कुणाला तरी म्हणत होत्या, जपून. मग जड काहीतरी भांड्यात ठेवल्याचा आवाज. तेवढ्यानं डोळ्यांतून पाणी आलं. नर्सनं विचारलं, दुखतंय का? नाही म्हटलं. दुखत नव्हतंच.

नाना रोज येतो, पेपर वाचून दाखवतो, निधनवार्ता गाळून.

कौतिकबाई आली नाही. डॉ.ना तीनदा विचारलं.

२ एप्रिल, धुळे

सगळ्या पिशवीचा रिपोर्ट. वरच्या एका कोपऱ्यात, पहिल्या खरवडीत आला नव्हता अशा जागी, ग्रंथी खाली स्नायूकडं झुकल्या आहेत. पहिले तज्ज्ञ लिहितात, अगदी सुरुवातीचा कॅन्सर असावा. दुसरे, ज्यांनी आधी कॅन्सर म्हटलं होतं, ते आता लिहितात, हे घुसणं नव्हे, अस्तराचीच घडी आहे. जागा बदलून बसले दोघं. मला हसूच फुटलं. टाक्यांच्या जागी कळ आली.

पुढं? मुंबईला जाऊन रेडियम घेता येईल, किंवा नुसतं लक्ष ठेवता येईल. डॉ.चं मत लक्ष ठेवण्याकडं झुकलेलं, पण म्हणाल्या, हमी मागू नका. नाना म्हणाला, रेडियम घेऊन टाक. वहिनी म्हणाली, वन्संना ठरवू द्या.

ठरवलं: लक्ष ठेवायचं. जुलैत पहिली तपासणी. बरी आहे की आजारी, हे विचारल्यावर काय सांगायचं ते ठरलं नाही.

९ एप्रिल, जळगाव

शाळेत हजर. कुळकर्णी सर खुर्चीतून असे उठले की दौत सांडली.

दुपारी आबासाहेब स्वतः आले. मी उठू लागले तर बसा म्हणाले. चारित्र्याचा विषय समितीनं सोडला आहे. आता दुसरा आहे. बाई, तुम्हीच मुलींना कॅन्सर म्हणून सांगितलंत. पालक घाबरलेत. तुम्हाला तो नाही आणि पुढं होणार नाही, असं डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणा. नाहीतर समिती निवृत्तीचा विचार करते आहे, प्रॉव्हिडंट फंडासकट, सन्मानानं.

आधी नको ते केलं नाही याचं मागत होते, आता पुढं काय होणार नाही याचं मागतात. मी सांगितलं, असं सर्टिफिकेट तुमच्यासकट कुणालाच कोणी देऊ शकणार नाही. कामावर हजर व्हायला हरकत नाही, एवढं डॉ.नी लिहून दिलंय, नियमाप्रमाणं ते फायलीत लावलं आहे. त्यापुढचं नाही.

ते जाताना दारात थांबले. त्यांच्या घरातही कोणीतरी आहे, असं काहीतरी बोलायला लागले आणि अर्धवट सोडून गेले.

दहावीचा तास घेतला. उभं राहून अर्धा, बसून अर्धा. द्वारकाला बोलावून आईचं विचारलं. तिनं मान हलवली. अजून तसंच. बा जाऊ देत नाही.

१५ एप्रिल रवि.

पहाटेच्या एस.टी.नं एरंडोल, तिथून बैलगाडीनं द्वारकाच्या गावी. डॉ.नी इतक्यात गाडी नको म्हटलं होतं. पोट घट्ट बांधून गेले.

नवरा ओट्यावर. तालेवार शेतकरी, वागायला सभ्य. गूळ-पाणी दिलं. मग म्हणाला:

“आमना घरनी गोट चावडीवर नको, बाई. तुमनं बठ्ठा गावले माहीत शे.”

सगळ्या गावाला माझं माहीत आहे, हे खरंच होतं. मी काही बोलायच्या आत कौतिकबाई आतून आली. काखेत गाठोडं. म्हणजे मला गाडीतून उतरताना बघूनच बांधलेलं.

“जीव मना शे, चावडीना नही.”

तो उठून बैल जुंपायला लागला. चेहरा रागाचाच, पण सडकेपर्यंत सोडायला तोच आला. तिथं तिच्या हातात काहीतरी कोंबलं आणि मागं न बघता गाडी वळवली.

संध्याकाळी, धुळे

डॉ.च्या बाकावर बसून लिहिते आहे. उद्या तिची खरवड काढतील, मग ती बाटली मुंबईला, मग कुणाला काय दिसेल ते दिसेल.

नर्सनं नाव लिहून घेतलं, अंगठा घेतला. सोबत कोण, म्हणाली. मी सांगितलं, मुलीच्या शाळेची मुख्याध्यापिका. मग आठवलं, ते समितीच्या विचाराधीन आहे. नर्सनं पेन थांबवून वर पाहिलं, तेच लिहू ना? लिहा म्हटलं.

आत डॉ. तिला काचेचं, दुर्बिणीचं काहीतरी समजावताहेत. तिचा आवाज बाहेरपर्यंत येतो आहे. बाजारात भाव विचारावा तसा.

“ते काय दिसस ना त्यामां, माले बी दखाडा.”